एकट्याचे तीन टक्के

पहिली फेरी धरायची नाही.
मशीन अंग सैल करतं तोवरचे आकडे खोटे.
महापे, तिसरा मजला, रात्रीचे पावणेबारा.
एसी अठरावर बांधलाय,
प्रोसेसरचा वेगही एकाच आकड्याला जखडलाय,
उद्या कुणी मे महिन्याचं खापर
कर्नलच्या माथ्यावर फोडायला नको.

काम अगदी साधं. एकच डिरेक्टरी.
तिच्यात फाईल करायची, नाव बदलायचं, पुसायची,
पुन्हा करायची.
आधी एका थ्रेडने. मग दोन, चार,
चौसष्टपर्यंत.

चारपर्यंत आलेख शीळफाट्याच्या चढासारखा जातो.
आठला थबकतो.
सोळाला मान टाकतो,
आणि चौसष्ट जण मिळून
दोघांइतकंही उरकत नाहीत.

बाकीचे झोपत नाहीत. झोपले असते तर बरं.
जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरत विचारत राहतात
सुटलं का
सुटलं का
सुटलं का
बाहेरून पाहाल तर प्रत्येक जण शंभर टक्के कामात.
प्रोफाइलर म्हणतो, एकाहत्तर टक्के वेळ
त्या एका कुलपाच्या दारात.

कोण किती ताटकळलं ते नीट कळावं
म्हणून लॉकची आकडेवारी चालू केली,
तर सगळंच बारा टक्क्यांनी मंदावलं.
तराजूचंही वजन असतं.
बंद केली. अंदाजाने लिहिलं, पेन्सिलीने.

पॅच सबाचा. ती आत्ता राबोडीत झोपली असेल,
दुपारी तिचं मूल तापाने फणफणलं होतं.
तिने त्या एका कुलपाची बत्तीस केली.
"एक ना धड, भाराभर चिंध्या," पेठेसर म्हणाले होते मीटिंगमध्ये,
आणि मग स्वतःच विचारलं, नाव बदलताना दोन कुलुपं लागली तर?
ती म्हणाली, आधी लहान पत्ता, मग मोठा, कायम.
नाहीतर दोघं एकमेकांचं दार धरून
जन्मभर उभे.

पॅच चढवला. पहिली फेरी फेकली.
दहा फेऱ्या, मधली धरली.
चौसष्टला नऊ पट.
नऊ. पुन्हा चालवलं. नऊच.
सबाला लिहिलं, आणि पाठवलं नाही,
कारण वरच्या ओळीत, जिथे थ्रेड एकच,
तिथे तीन टक्के खाली.
ज्याला कुणाशी भांडायचंच नव्हतं
त्यालाही आता आधी शोधायला लागतं
बत्तिसातलं आपलं कुठलं.

चहाच्या टपरीसाठी खाली आले.
गेटवर हिराजी भोईर, घणसोलीचे,
रजिस्टर आणि सुतळीला बांधलेलं पेन.
"ताई, एवढ्या रातीचं काय काम करता?"
म्हटलं, फाईल कुठे अडकते ते मोजते.
ते हसलेच. "मग आमची मोजा."
साडेबारा टक्क्यांचा भूखंड,
वडिलांच्या नावाने निघालेली, नऊ वारस,
आठ सह्या.
नववा चुलतभाऊ मस्कतला,
तो म्हणतो आधी थोरल्याने करावी,
थोरला म्हणतो मी केली कधीच,
कागद कुठल्या टेबलावर आहे ते
दर वेळी दुसरंच टेबल सांगतं.
"तुमच्या मशीनला कळंल का, कुणाकडं हाय?"
कळेल, म्हणाले मी,
आणि जीभ चावली.
त्यांनी पेन पुढे केलं.

सकाळी नऊला इथे रांग रस्त्यापर्यंत जाते,
एक पेन, दोनशे माणसं,
तेव्हा उपमा सुचणं सोपं असतं.
आत्ता कुणीच नव्हतं. पेन मोकळं होतं.
नाव, खोली, वेळ, सही.
सवयीने घड्याळाकडे पाहिलं:
अकरा सेकंद.